निळ्या झाकणाची बरणी

कोणी म्हातारं झालं म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. डॉ. मोघे. वाघोलीच्या पुढे, नगर रस्त्याला लागून आमच्या कंपनीची शेड होती आणि तिच्या मागच्या अंगाला छोटी प्रयोगशाळा. मी तिथे रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. एका सकाळी एक उंच, किंचित वाकलेले, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेले गृहस्थ माझ्या टेबलापाशी आले, पेढ्यांचा पुडा पुढे केला आणि म्हणाले, "घ्या. झाल्या."

"कोण झाल्या, सर?"

"म्हाताऱ्या."

मी यवतमाळची. आमच्याकडे मुलगा झाला, नोकरी लागली, झालंच तर ट्रॅक्टर घेतला, की पेढे वाटतात. पुण्यात म्हातारपणाचेही वाटत असतील असं समजून मी पेढा तोंडात टाकला. सरांनी मला इन्क्युबेटरपाशी नेलं, आतला एक चपटा फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि बाजूला सरकले. काचेच्या तळाला चिकटलेल्या, अंगाने सुटलेल्या, दुपारी जेवून आडव्या झाल्यासारख्या पेशी दिसल्या. सर त्यांच्याकडे नातवंडं पाहावीत तसे पाहत होते.

काम असं होतं. ब्राह्मीच्या अर्कातले काही घटक म्हाताऱ्या झालेल्या मेंदूपेशींवरच्या रिसेप्टरांवर काय परिणाम करतात ते शोधायचं. सरांनी हे वाक्य एका दमात सांगितलं आणि विचारलं, "समजलं?" मी हो म्हणाले.

"खोटं," सर म्हणाले. "मला अजून नीट समजलेलं नाही."

म्हाताऱ्या पेशी विकत मिळत नाहीत. तरुण आणायच्या, फ्लास्कमध्ये वाढवायच्या, फ्लास्क भरला की निम्म्या काढून दुसऱ्या फ्लास्कमध्ये घालायच्या, तो भरला की पुन्हा तेच. असं महिनोन्महिने केलं की त्या एक दिवस थकतात आणि वाढायच्या थांबतात. मग खरा प्रयोग सुरू. सगळं जग म्हातारपण लांबवायच्या खटपटीत होतं आणि आम्ही दोघं त्याची वाट बघत बसलो होतो.

या पेशींना दिवसाआड खायला घालावं लागे, म्हणजे जुनं मीडियम काढून ताजं घालायचं. सणवार, संप, सूर्यग्रहण, काहीही असो. विसर्जनाच्या दिवशी सगळं पुणं लक्ष्मी रोडला तोंड करून उभं असताना सर स्कूटरवरून उलट्या दिशेने वाघोलीला जात. "पेशींना कॅलेंडर नसतं," एवढंच म्हणत. हे काम काचेच्या हूडमध्ये हात घालून करायचं. हात एकदा आत गेले की बाहेरच्या कशालाही लावायचे नाहीत, नाहीतर जंतू जाऊन सगळा संसार उद्ध्वस्त.

आणि सर हूडमध्ये असतानाच, रोज संध्याकाळी सहाला, टेबलावरचा फोन वाजे. तो मी उचलायचा.

"वाघोली? लाईनवर राहा." फोन करणाराच लाईनवर राहा म्हणतो असा अनुभव मला तोवर नव्हता. या विमलकाकू, सरांच्या पत्नी. त्यांनी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून केली होती. सगळे फोन आपोआप लागायला लागले तेव्हा त्यांनी निवृत्ती घेतली, पण आवाज तोच राहिला. "काय गं सुनंदा, माझ्या सवतींची जेवणं झाली का?"

"चालू आहेत काकू. सरांचे हात आत आहेत."

"मग विचार, घरच्या बाईला किती वाजता वाढायचं."

मी हूडकडे वळे. सर मान न वळवता म्हणत, "सांगा, निघालो."

"निघाले काकू," मी सांगे. दशांश चिन्ह एक घर चुकलं तरी ज्यांची झोप उडे ते मोघेसर हे खोटं रोज बोलत आणि मी ते रोज पोचवत असे. काकूंनाही ते माहीत होतं. निघायला आठ वाजत.

सरांचा दुसरा छंद म्हणजे माहीत करून न घेणं. प्रयोगात काही नळ्यांत अर्क असे आणि काहींत तसलाच दिसणारा साधा द्राव. कोणत्या नळीत काय आहे हे मोजणाऱ्याला कळता कामा नये, हा सगळ्याच प्रयोगशाळांचा नियम. पण बाकीचे लोक तो पाळतात, सर त्याची पूजा करत. मी नळ्यांना खुणा करायला घेतल्या की ते बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहत, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. चुकून मी काही बोललेच तर तिथूनच हात वर करत. "मला सांगू नका, वानखडेबाई. माहीत असलं की माणूस मायेने मोजतो."

हे खूळ प्रयोगशाळेत राहिलं असतं तर बरं होतं. आंब्याच्या दिवसांत सर फळवाल्याला हापूस आणि दुसरा कसलाही आंबा न सांगता कापून द्यायला लावत. आपल्या पुतण्यासाठी मुलींची स्थळं आली तेव्हा त्यांनी आडनावं झाकून पत्रिका पाहिल्या आणि भावजयीने त्यानंतर त्यांना बोलावणंच बंद केलं. पण कहर झाला तो कंपनीच्या गणपतीत. उकडीच्या मोदकांची स्पर्धा होती आणि सर परीक्षक. त्यांनी ताटांवरची नावं मला काढायला लावली, स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, मग चवीने खाऊन निकाल दिला. शेवटच्या नंबराबद्दल म्हणाले, "चौथ्या ताटातला मोदक गणपतीने खाल्ला नाही, यात गणपतीची काही चूक नाही."

चौथं ताट मालकांच्या पत्नीचं होतं.

मी नंतर डोक्याला हात लावून म्हटलं, "बाप्पा, सर, मला एकदा विचारायचं तरी." सर शांतपणे म्हणाले, "विचारलं असतं तर मी पहिला नंबर दिला असता. म्हणूनच विचारायचं नसतं." पुढच्या वर्षी मोदकांऐवजी रांगोळीची स्पर्धा ठेवली आणि परीक्षक अकाउंट्समधून आणला.

रिसेप्टर म्हणजे काय ते मला खरं तर काकूंनी समजावलं. सरांनी एका रविवारी जेवायला बोलावलं होतं. शनिवार पेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. सर वरणाच्या वाटीवर चमचा आपटत सांगत होते की पेशीच्या अंगावर विशिष्ट जागा असतात, निरोप घेऊन आलेला रेणू तिथे बसतो, म्हातारपणी त्या जागा कमी होतात, उरलेल्या दाद देत नाहीत. मी मान हलवत होते. काकू पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "म्हणजे लाईन चांगली असते गं. घंटा वाजते. पलीकडे कोणी उचलत नाही."

सर थांबले. "बरोबर," म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द निघायला लोक वर्षं घालवत.

काकूंच्या डोक्यात पेठेतले सगळे टेलिफोन नंबर होते. डिरेक्टरी कोणी उघडतच नसे. गॅसवाला, दाते हवे असतील तर दाते, त्यांचा मुलगा बदलून नाशिकला गेला तर नाशिकचा नंबर, जिन्यातून हाक मारायची आणि वरून आकडे यायचे. त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. एकदा त्या मला म्हणाल्या होत्या, "मला कंटाळा नाही येत. मी नंबर म्हणत बसते." मी तेव्हा हसले होते.

त्याच सुमारास कंपनीत धाकटे साहेब आले, मालकांचे चिरंजीव, परदेशात शिकून. आजोबांच्या काळापासून कंपनी काढे आणि आसवं विकत होती. आता दुकानांच्या फळ्यांवर बाहेरचा माल आला होता, हिंजवडीला काचेच्या इमारती उठत होत्या आणि त्या इमारतींतल्या पोरांना तल्लख राहायचं होतं. धाकट्या साहेबांना ब्राह्मीची गोळी हवी होती आणि ती दिवाळीच्या आत हवी होती. ते प्रयोगशाळेत आले, फ्लास्क पाहिले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे एजिंग जरा फास्ट नाही का करता येणार?"

"येईल की," सर म्हणाले. "तुमच्या मीटिंगला आणून बसवतो."

गोळी निघाली. नाव इंग्रजी होतं आणि शेवटी एक प्लस होता. मोठ्या हॉटेलात समारंभ झाला. जाहिरातीत टाय लावलेला, विशीतला एक मुलगा संगणकापुढे हसत होता; त्याला विसरायला अजून काही झालंच नव्हतं. सरांना संशोधनाबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं. सर उठले. "फ्लास्कमधल्या म्हाताऱ्या पेशींवर ब्राह्मीने रिसेप्टर थोडे वाढलेले दिसतात," ते म्हणाले. "फ्लास्कला डोकं नसतं." आणि खाली बसले. शब्द मोजून दोनपेक्षा जास्त होते, पण व्हायचा तो परिणाम झाला. त्या दिवसापासून प्रयोगशाळेचे दिवस भरत आले.

आणि एका संध्याकाळी सहाला फोन वाजला. "काय गं सुनंदा, सवतींची जेवणं झाली का?" मी सांगितलं, सर निघालेत. फोन ठेवला. लगेच पुन्हा वाजला. "काय गं सुनंदा, सवतींची जेवणं झाली का?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. मी हसून पुन्हा तेच सांगितलं. पण दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्या दिवशी हूडमधले सरांचे हात थांबलेले मी पाहिले. त्यांनाही दुसरी घंटा ऐकू आली होती.

मग काकूंकडून गॅसवाल्याचा नंबर गेला, मग दात्यांचा. त्या जिन्यात उभ्या राहून पहिले आकडे म्हणत आणि पुढे वाट हरवल्यासारख्या थांबत. डॉक्टरांनी तपासण्या करून जे सांगितलं ते सरांना आधीच माहीत होतं. गोळ्या दिल्या आणि फार आशा धरू नका म्हणाले. लोकांनी सरांना विचारायला सुरुवात केली. अहो, तुम्ही ब्राह्मीतले एवढे तज्ज्ञ, घरात नाही का देत? सर चिडत. "मला माहीत नाही ते मी लोकांना विकलं नाही, बायकोला कसं देऊ?"

पण महिनाभराने ते माझ्या टेबलापाशी येऊन बसले. उभे राहून बोलणारा माणूस बसला की मला भीती वाटते.

"वानखडेबाई, मी अर्क गेले कित्येक दिवस स्वतः घेतोय. काही अपाय नाही. तिच्या डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलंय. पण मी नुसता देणार नाही. दिला की मला फरक दिसणारच. मी तिचा नवरा आहे, मी मायेने मोजीन." त्यांनी चष्मा काढून पुसला. "दोन बरण्या करा. एकीत अर्क, एकीत काहीही नसलेलं, पण दिसायला आणि चवीला तसंच. आधी एक देईन, मग दुसरी, मग पुन्हा पहिली. कोणत्या बरणीत काय ते फक्त तुम्हाला माहीत पाहिजे."

काकूंनाही त्यांनी सगळं सांगितलं. काकूंना तेव्हा बरंच समजत होतं. त्या म्हणाल्या, "द्या बाई. सवतींना चालतं ते मला चालेल."

तपकिरी आणि कडू, पण गुण नसलेलं असं काय करायचं, यावर मी खूप डोकं चालवलं. शेवटी साखर करपवली. मी नारायण पेठेत एका घरात खोली घेऊन राहत होते. घरमालकीण करपट वासाने वर आली आणि म्हणाली, "तुमच्या यवतमाळला पाक असाच करतात का?" मी हो म्हणाले. मग दोन बरण्या भरल्या, एकीला लाल झाकण, एकीला निळं. नाणं उडवलं. अर्क लाल झाकणात गेला, करपलेली साखर निळ्या. आणि लाल आधी.

लाल झाकणाची बरणी पावसाळाभर चालली. सर सकाळी काकूंना चमचाभर देऊन वाघोलीला येत आणि रात्री घरी जेवताना मोजणी करत. मोजणी म्हणजे नंबर. "गॅसवाला?" काकू सांगत. "बरोबर. पुढचा. दाते?" काकू गप्प. सर भिंतीवरच्या कॅलेंडरवर बारीक खूण करत. मी एकदोनदा पाहिलं. परीक्षा चालल्यासारखं होतं, पण काकू मजेत असत. दिवसभरात घरात त्यांच्याशी कोणीतरी बोलायचं ती वेळ तीच. खुणा मात्र कमी कमी होत गेल्या.

दिवाळीनंतर धाकट्या साहेबांनी प्रयोगशाळा बंद केली. फ्लास्क टाकून द्यायचे म्हणजे त्यांत ब्लीचचं पाणी ओतायचं. कोणीही केलं असतं, पण सर म्हणाले, मी करतो. त्या वेळी त्यांनी हातमोजे घातले नाहीत, हूड लावला नाही. पेशी जिथल्या तिथे विरल्या. सहा वाजले, फोन वाजला. सरांचे हात मोकळे होते, तरी सवयीने मीच उचलला. सर म्हणाले, "सांगा, निघालो." तेवढं एकदाच ते खरं होतं.

आता सर दिवसभर घरी होते आणि बरणी निळ्या झाकणाची होती.

घरात त्यांचा उपयोग शून्य होता. भेंडी चिरायला बसले की सगळे तुकडे सारख्या लांबीचे आले पाहिजेत म्हणून अर्धी टाकून देत. काकू कपाळाला हात लावत आणि हसत. दुपारी दोघं गच्चीवर चटई टाकून बसत, संध्याकाळी ओंकारेश्वराच्या पुलापर्यंत चालत जात. करायला दुसरं काही नसल्याने सर ऐकत. काकू एक्स्चेंजमधल्या गोष्टी सांगत: पुराच्या वेळी कोणाची लाईन कशी जोडली, कोणते साहेब ट्रंक कॉलवर रडले. इतक्या वर्षांच्या संसारात सरांनी त्या पहिल्यांदाच ऐकल्या असाव्यात, कारण एक दिवस ते मला म्हणाले, "अहो, तिने फार मोठी कामं केली आहेत. तुम्हाला माहीत होतं?" मला माहीत होतं. सहाच्या फोनवर, ते हूडमध्ये असताना, त्या मला सांगत असत.

आणि काही नंबर परत आले. सगळे नाही. पण दाते आले. एक दिवस काकूंनी जिन्यातून विचारणाऱ्याला अख्खा नंबर सांगितला, वर दात्यांच्या मुलाचं लग्न मोडल्याची बातमीही दिली. कॅलेंडरवरच्या खुणा वाढल्या. सरांनी मला बोलावून घेतलं. त्यांचा चेहरा मी पेढ्यांच्या सकाळीही तसा पाहिला नव्हता.

"फरक आहे, वानखडेबाई," ते हळूच म्हणाले. "निळ्यात दम आहे."

निळ्यात साखर होती.

"आता कामाला लागायचं," सर म्हणाले. हिंजवडीच्या एका नव्या कंपनीने त्यांना विचारलं होतं, मोठी प्रयोगशाळा, हवी ती यंत्रं. "तिच्या हातात फार वेळ नाही. अर्कातला नेमका कोणता घटक हे करतो ते सापडलं पाहिजे. घरी बसून सापडणार नाही."

"सर," मी म्हटलं, "नोकरी घ्यायच्या आधी मला एक सांगू द्या."

"बरणीबद्दल?"

"हो."

त्यांनी हात वर केला. "मग नाही. अजून मोजणी संपलेली नाही. आत्ता कळलं तर पुढचं सगळं वाया."

"सर, पण ते..."

"मला सांगू नका." आणि सत्तरीकडे झुकलेला तो माणूस खुर्चीवरून उठला आणि आपल्याच घराच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. स्वयंपाकघराच्या दारातून काकू ते बघत होत्या. "काय चुकलं गं यांचं?" त्यांनी मला विचारलं. सगळं बरोबरच तर करत होते.

तर सर हिंजवडीला जाऊ लागले. गळ्यात पट्टा, पट्ट्याला फोटो, कंपनीच्या बसमध्ये कानात वायरी घातलेल्या पोरांच्या मधोमध ते बसत. घरी दिवसभरासाठी एक बाई ठेवली. निळ्या झाकणाची बरणी मात्र बदलली नाही. ठरल्याप्रमाणे पुन्हा लाल यायची होती, पण आयुष्यात पहिल्यांदा सरांनी नियम मोडला. चांगलं चाललंय ते कशाला बंद करायचं, म्हणाले. मोजायच्या आधीच माया आली होती. मी दर महिन्याला साखर करपवत होते आणि मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत होते.

उन्हाळा संपेपर्यंत नंबर गेले. दाते गेले, गॅसवाला गेला. मग माझं नाव गेलं. काकू मला "एक्स्चेंजमधली मुलगी" म्हणू लागल्या. एका सकाळी काकू कामाच्या बाईची नजर चुकवून बाहेर पडल्या आणि जिथे त्यांचं एक्स्चेंज होतं त्या फाटकाशी सापडल्या. ड्यूटी आहे म्हणत होत्या.

त्या रविवारी सर माझ्या खोलीवर आले. आत आले नाहीत, दारातच उभे राहिले.

"मोजणी संपली," ते म्हणाले.

मी म्हटलं, "सांगू?"

ते म्हणाले, "लाल झाकणाला मी घरी नव्हतो. निळ्याला होतो. नंतर निळंच होतं, पण मी नव्हतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मी एकच मोजली. पहिल्या वर्षाच्या पोराने ही चूक केली असती तर मी त्याला हाकलून दिलं असतं."

"सर, निळ्यात..."

"सांगू नका." या वेळी हात वर केला नाही. "निळ्यात अर्क असेल तर मी नोकरीला गेलो ते बरोबर केलं. नसेल तर..." ते थांबले, चष्म्याच्या काडीचा दोरा उगाच घट्ट करत बसले. "नका सांगू तुम्ही."

मी सांगितलं नाही. त्यांना कळलं होतं, आणि मला त्यांची इतकी दया कधीच आली नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी गळ्यातला पट्टा परत केला.

पण गेलेलं परत आलं नाही. निळ्या झाकणाच्या वेळी एकदा दार उघडलं होतं, तेवढंच. आता सर चोवीस तास घरी होते आणि काकू त्यांना ओळखत नव्हत्या.

परवा संध्याकाळी मी गेले होते. काकू एकट्याच पुढच्या खोलीत बसल्या होत्या, कामाची बाई निघायच्या बेतात होती. बेल वाजली. काकू लगबगीने उठल्या आणि दार उघडलं. दारात सर, हातात दुधाची पिशवी.

"कोण पाहिजे आपल्याला?" काकूंनी विचारलं.

मी पुढे होणार होते. सरांनी डोळ्यांनीच थांबवलं. "मोघे आहेत का?" ते म्हणाले.

"लॅबमध्ये गेलेत. येतीलच इतक्यात. बसा ना आपण."

सर चपला दाराबाहेर नीट काढून आत आले आणि पाहुण्यांच्या खुर्चीत, कडेवर बसले. त्यांच्या बसण्यावरून मला कळलं की हे रोजचं आहे.

"माणूस चांगला आहे हो," काकू त्यांना सांगू लागल्या. "व्यसन नाही, काही नाही. पण घरात सापडत नाही. आम्हाला सवती आहेत, त्यांना जेवायला घालायला जातात."

"फोन करून बघा ना," सर म्हणाले. "लॅबचा नंबर आहे का?"

काकूंनी मान ताठ केली आणि नंबर सांगितला. त्या जुन्या एक्स्चेंजच्या आवाजात, एका दमात, पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत. तो फोन बंद होऊन वर्ष उलटून गेलं होतं.

"बरोबर," सर म्हणाले. एरवी ते लगेच "पुढचा" म्हणत. या वेळी म्हणाले नाहीत.

"पण उपयोग नाही," काकू म्हणाल्या. "लाईन चांगली आहे. घंटा वाजते. ते उचलत नाहीत. दुसरंच कोणीतरी उचलतं आणि म्हणतं, निघाले." त्यांनी खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं. "मी थांबलेच आहे. आपल्याला घाई असेल तर..."

"नाही," सर म्हणाले. "मीही थांबतो."

पाहुण्याला स्वयंपाकघरात जाता येत नाही, म्हणून त्यांनी दुधाची पिशवी माझ्या हातात दिली आणि तापवायला ठेवा म्हणून खूण केली.